आवडीची कविता स्पर्धेला पाठवताना

कोपऱ्यात मोरपीस, मध्ये दौत-टाक आणि मोठ्या अक्षरांत ‘भव्य काव्यस्पर्धा’. असं पोस्टर आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर वर्षातून चार-पाचदा तरी येतं. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. तेव्हा तर दोन-तीन पोस्टरं एकदमच येतात. २१ मार्चला जागतिक कविता दिन, तेव्हा पुन्हा. बहुतेक जण ते पुढच्या ग्रुपवर ढकलतात आणि विसरून जातात. पण एखादी आजी, एखादा आठवीतला मुलगा, दुपारी तासभर मोकळी होणारी एखादी आई मात्र त्या पोस्टरवर थांबते. कपाटात साड्यांच्या घडीखाली एक वही असते. पाठवावी का एखादी? लोक हसतील का? आपलं मराठी तितकं चांगलं आहे का?

हा लेख अशा थांबलेल्या मंडळींसाठी आहे.

आवडी नावाचं गाव

मी हे लिहितेय चेन्नईजवळच्या आवडीतून. चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलने इथे येता येतं. गावाचं नाव ऐकलं की मराठी माणसाच्या चेहऱ्यावर हसू येतंच. आपल्याकडे ‘आवडी’ म्हणजे गोडी, प्रेम. संतांच्या अभंगांत हा शब्द जागोजागी भेटतो. इथल्या लोकांना विचारलं तर काही जण सांगतात की हे नाव लष्कराच्या एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं. ते काहीही असो, आजचं आवडी लष्करी सामानाचं गाव आहे यात शंका नाही. १९५५ च्या जानेवारीत इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आवडीचं नाव आलं. १९६१ मध्ये इथे अवजड वाहनांचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ मध्ये त्यातून पहिला ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. ‘अर्जुन’ रणगाड्याची रचनाही इथल्याच संशोधन संस्थेत झाली. शिवाय हवाई दलाचं ठाणं आहे, केंद्रीय राखीव पोलीस दलाचं केंद्र आहे.

२०२१ मध्ये देशातले आयुधनिर्माणी कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्यातल्या रणगाड्यांच्या कंपनीचं मुख्यालय आवडीत आहे, आणि आपल्या अंबरनाथचा एक कारखानाही त्याच कंपनीत आहे. त्यामुळे भाजी बाजारात, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्याच्या रांगेत अचानक मराठी कानावर पडतं. बदलीवर आलेली, तीन-चार वर्षांनी पुन्हा कुठेतरी जाणारी कुटुंबं.

या घरांतल्या मुलांचं मराठी कसं असतं? रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, घरात मराठी. आणि घरातलं मराठी म्हणजे बहुतेक आज्ञा. जेवायला ये. हात धू. अभ्यास कर. मोबाइल ठेव. मुलाला मराठी पूर्ण कळतं, पण मनातलं काही सांगायचं झालं की ते इंग्रजीवर जातं. भाषा अशी हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते, आणि पुढच्या पिढीत तिथूनही जाते. म्हणून काव्यस्पर्धेचं पोस्टर मला महत्त्वाचं वाटतं. ते मुलाला मराठीत असं काहीतरी सांगायला लावतं, जे सांगण्याची रोजच्या व्यवहारात गरजच पडत नाही. बक्षीस कोणाला मिळेल हा प्रश्न त्यानंतरचा.

हजार मोहरांची स्पर्धा

आम्ही राहतो त्या तमिळ मुलखात काव्यस्पर्धेची एक गोष्ट लहान पोरांनाही माहीत असते. मदुरैच्या पांड्य राजाला प्रश्न पडला की स्त्रीच्या केसांना स्वतःचा सुगंध असतो, की तो फुलांचा आणि तेलाचा असतो? जो कवी या शंकेचं समाधान करील त्याला हजार सोन्याची नाणी. धरुमी नावाचा एक गरीब माणूस देवळात जाऊन शंकरापुढे रडला. शंकराने त्याला एक कविता लिहून दिली. धरुमी ती घेऊन दरबारात गेला, राजा खूश झाला, थैली हातात पडणार एवढ्यात नक्कीरर नावाचा विद्वान उठला आणि म्हणाला, कवितेत अर्थदोष आहे, केसांना जन्मजात सुगंध नसतो. धरुमीला उत्तर देता येईना. देणार कसा? कविता त्याची नव्हतीच.

मग खुद्द शंकर वाद घालायला आले. नक्कीरर मागे हटला नाही. शंकरांनी तिसरा डोळा उघडला तरी तो म्हणत राहिला, दोष तो दोषच. त्या आगीने होरपळून तो मदुरैच्या देवळातल्या सुवर्णकमळ तलावात पडला आणि नंतर शंकरांच्याच कृपेने वाचला. शंकरांची म्हणून सांगितली जाणारी ती कविता ‘कुरुंतोगै’ या प्राचीन तमिळ संग्रहात दुसऱ्या क्रमांकावर आहे. कवीचं नाव दिलंय ‘इरैयनार’, म्हणजे ‘स्वामी’, ‘ईश्वर’. १९६५ च्या ‘तिरुविळैयाडल’ चित्रपटात ही गोष्ट आली. शिवाजी गणेशन शंकर झाले, नागेश धरुमी, आणि दिग्दर्शक ए. पी. नागराजन यांनी स्वतः नक्कीररची भूमिका केली. नागेशचा धरुमी आजही इथल्या लोकांना खळखळून हसवतो.

ही गोष्ट हजार-दीड हजार वर्षांची जुनी, पण तिच्यात आजच्या स्पर्धकाला लागणारं सगळं आहे. विषय ठरलेला, बक्षीस ठरलेलं, परीक्षक कडक. आणि सगळ्यात मोठा धडा धरुमीचा. आज शंकरापुढे रडायची गरज नाही. मोबाइलला ‘आईवर बारा ओळींची मराठी कविता दे’ म्हटलं की चार सेकंदांत मिळते. यमक जुळलेलं असतं, शुद्धलेखनही बरं असतं. पण कोणी विचारलं की ‘हा शब्द इथे का घेतलास?’, तर आपलाही धरुमीच होणार. शाळेतल्या मुलांना हे जरूर सांगावं. दुसऱ्याची कविता घेऊन मिळालेली थैली फार काळ हातात राहत नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्या मनातली गोष्ट तशीच न सांगता राहून जाते.

आपल्याकडचे सामने

मराठी माणसालाही कवितेची चढाओढ नवीन नाही. शाहिरी परंपरेत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष होते. तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका फडाने डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातूनच जवाब द्यायचा, आणि रात्रभर गाव ऐकत बसायचं. परीक्षक म्हणजे समोरची मंडळी. जवाब चुकला तर तिथल्या तिथे कळायचं. पंडित मंडळींचा खेळ होता समस्यापूर्तीचा. एक चमत्कारिक शेवटची ओळ द्यायची आणि कवीने वरच्या ओळी अशा रचायच्या की ती ओळ सरळ वाटू लागेल. घरी मुलांबरोबर हा खेळ खेळून पाहा. ‘म्हणून मांजर छत्री घेऊन निघालं’ अशी एखादी ओळ द्या आणि वरच्या तीन ओळी त्यांना करू द्या. जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटांत तीन कवी तयार होतात.

आता १९०७ सालच्या जळगावात जाऊ. तिथे महाराष्ट्र कविसंमेलन भरलं होतं, अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्या मोठमोठ्या कवींच्या मेळाव्यात जेमतेम सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्याची कविता ऐकून अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं, आणि तेच नाव मराठी कवितेत कायमचं राहिलं. हा मुलगा त्या दिवशी ‘मी अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून घरी बसला असता तर? तो अवघा सत्तावीस वर्षांचा असताना, १९१८ मध्ये, रेल्वेच्या अपघातात गेला. त्याच्याकडे फारशी पुढची वर्षं नव्हतीच.

आणि त्याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या सुचायच्या. घरातल्या मुलांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. बहिणाबाईंनी कुठल्या स्पर्धेला कविता पाठवली नाही. पण कोणीतरी ऐकून लिहून घेतलं आणि कोणीतरी योग्य माणसापर्यंत पोचवलं, म्हणून आज ती कविता आपल्याकडे आहे. तुमच्या घरात आजी काही गुणगुणत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, लिहून काढा, तिला वाचून दाखवा. स्पर्धेला पाठवायची असेल तर तिला विचारून, तिच्याच नावाने.

आम्ही दक्षिणेत राहणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. इथून तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या तंजावरात भोसले राजांनी जवळपास पावणेदोनशे वर्षं राज्य केलं. त्यातल्या शहाजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक लिहिलं. संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर! म्हणजे घरात एक, दारात दुसरी, शाळेत तिसरी ही आमच्या मुलांची अवस्था अगदीच नवी नाही. राजाच्या दरबारात तिला अडचण समजत नव्हते, तिचं नाटक करत होते. पुढे साने गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते तेव्हा सोबतच्या कैद्यांकडून तमिळ शिकले आणि त्यांनी ‘कुरल’ मराठीत आणला. आज तमिळ आणि मराठी या दोन्ही अभिजात भाषा आहेत. तमिळला तो मान २००४ मध्ये मिळाला, मराठीला २०२४ मध्ये.

बंद पाकीट आणि काळी खुर्ची

स्पर्धेत ‘कवितेच्या पानावर नाव लिहू नये’ असा नियम असतो. अनेकांना तो जाचक वाटतो. तो का असतो हे समजायला ब्रिटनमधल्या वेल्समध्ये जावं लागेल. वेल्श ही इंग्रजीच्या शेजारी राहून जीव धरून राहिलेली छोटी भाषा. तिथे दरवर्षी ‘आयस्टेथफॉड’ नावाचा मोठा उत्सव भरतो आणि त्यात उत्तम दीर्घकवितेला बक्षीस म्हणून एक कोरीव लाकडी खुर्ची देतात. कवी आपली कविता टोपणनावाने पाठवतो आणि खरं नाव बंद पाकिटात. भर मंडपात परीक्षक निकाल वाचतात, टोपणनाव पुकारलं जातं, आणि हजारोंच्या गर्दीतून तो कवी उठून उभा राहतो. तोवर शेजारी बसलेल्यालाही पत्ता नसतो.

१९१७ च्या सप्टेंबरमध्ये बर्कनहेड इथे असंच टोपणनाव पुकारलं गेलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. तरी कोणी नाही. मग जाहीर झालं की हा कवी, एलिस इव्हान्स, फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर ३१ जुलैला मारला गेला आहे. तो तीस वर्षांचा, मेंढ्या राखणारा शेतकरी होता, ‘हेड विन’ या नावाने लिहायचा. सैन्यात भरती होऊन काही महिनेच झाले होते. आघाडीवर जातानाच त्याने कविता पुरी करून पाठवली होती. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड टाकलं गेलं आणि तेव्हापासून ते अधिवेशन काळ्या खुर्चीचं म्हणून ओळखलं जातं. खुर्ची आजही त्याच्या घरी, डोंगरातल्या शेतघरात, जपून ठेवलेली आहे.

आवडीसारख्या वर्दीवाल्यांच्या गावात ही गोष्ट वाचताना वेगळंच वाटतं. इथे अनेक घरांतला कोणी ना कोणी सीमेवर राहून आलेला असतो. नावाशिवाय पाठवलेली ती कविता परीक्षकांनी वाचली तेव्हा कवी शेतकरी आहे की प्राध्यापक, जिवंत आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त कविता पाहिली. नाव लपवण्याचा नियम यासाठी असतो. तुमची ओळख नाही, पद नाही, पुस्तक नाही, तरी तुमच्या ओळींना नामवंत कवीच्या ओळींइतकाच वेळ मिळावा म्हणून. म्हणून तो नियम आहे का, हे आधी पाहा. नसेल तर निकाल ओळखीवर लागण्याची शक्यता वाढते, हे लक्षात ठेवा.

जपानमध्ये तर दर जानेवारीत सम्राटाच्या राजवाड्यात कवितावाचन असतं. एक शब्द विषय म्हणून जाहीर होतो, कोणीही त्यावर एक छोटी कविता पाठवू शकतं. हजारो येतात, दहा निवडतात, आणि त्या सम्राटासमोर सुरात वाचल्या जातात. निवडलेल्यांत शाळकरी मुलंही असतात आणि आजी-आजोबाही.

पाऊस कुठला लिहायचा?

आता आपल्या वहीकडे वळू. मराठी स्पर्धांचे आवडते विषय ठरलेले. पाऊस, आई, माती, बालपण, मायबोली. परीक्षकाच्या टेबलावर एकाच विषयाच्या शे-दोनशे कविता असतात. ‘पाऊस’ म्हटलं की त्यातल्या बहुतेकांत मृग, मातीचा वास, श्रावण, कागदी होडी.

पण आवडीचा पाऊस जूनमध्ये येत नाही. इथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. मे महिन्यात ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणून कडक उन्हाचे दिवस मोजतात, आणि आषाढात महाराष्ट्रातून भिजलेले फोटो येतात तेव्हा इथे पंखा पुरत नाही. इथे पाऊस दिवाळीच्या आसपास येतो. फराळ करायला घ्यावा तर बाहेर धो धो, पणत्या लावाव्या तर विझतात, आकाशकंदील प्लॅस्टिकच्या पिशवीत. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात चेन्नई परिसरात पाणी घरांत शिरलं होतं. इथे वाढणाऱ्या मराठी मुलीने मृगाच्या पावसावर लिहिलं, तर ती पुस्तकातला पाऊस लिहिते. दिवाळीत विझणाऱ्या पणतीवर लिहिलं, तर तो तिचा स्वतःचा पाऊस. शंभर कागदांत तोच वेगळा उठून दिसेल.

हे सगळ्यांनाच लागू आहे. दुबईत असाल, इंदूरला असाल, नाशिकला असाल. आई म्हणजे त्याग आणि देवता हे सगळ्यांनी लिहून झालंय. तुमची आई भाजीवाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करताना मध्येच मराठीत पुटपुटते, ते फक्त तुम्ही ऐकलंय. तेच लिहा.

मुलांसाठी एक सोपी सुरुवात सांगते. ‘ळ’ हे अक्षर मराठीत आहे, तमिळमध्येही आहे, हिंदीत मात्र नेहमीच्या लिखाणात नसतं. मुलाला ‘ळ’ असलेले शब्द गोळा करायला सांगा. आभाळ, सावळा, उन्हाळा, खळखळ, जवळ, वेळ, ओवाळणी. वीस शब्द झाले की त्यातले चार घेऊन चार ओळी. यमक आपसूक येतं, आणि इथली मुलं हे अक्षर अगदी ठसक्यात म्हणतात.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे शब्द जास्त आहे. मग वही आठवडाभर मिटून ठेवा. आठ दिवसांनी वाचताना जी ओळ आपल्यालाच खोटी वाटते, ती काढून टाका. बहुतेक वेळा ती शेवटचीच ओळ असते, उपदेशाची.

पाठवण्याआधी

कविता चांगली असून बाद होण्याची कारणं फार साधी असतात. म्हणून हे एकदा तपासा.

पहिलं, अप्रकाशित म्हणजे काय. अनेक स्पर्धांत फेसबुकवर, ब्लॉगवर किंवा ग्रुपवर टाकलेली कविता प्रकाशित धरतात. कौतुकाच्या घाईत आधी ग्रुपवर टाकू नका.

दुसरं, ओळींची मर्यादा. वीस ओळी म्हणजे वीसच. रिकामी ओळ आणि शीर्षक मोजायचं का, हे नियमांत नसेल तर विचारून घ्या.

तिसरं, टायपिंग. युनिकोडमध्येच पाठवा, म्हणजे समोरच्याकडे अक्षरांचा कचरा होणार नाही. कीबोर्ड मराठीचा निवडा, हिंदीचा नको. हिंदी कीबोर्डवर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातलं अर्धं र नीट येत नाही, आणि आपोआप दुरुस्ती ‘पाणी’चं ‘पानी’ करून टाकते. आजी-आजोबांनी बोलून टाइप केलं तरी चालेल, पण नंतर कोणाकडून तरी एकदा तपासून घ्यावं. व्हॉट्सॲपवर चिकटवताना ओळी मोडल्या नाहीत ना, तेही पाहा.

चौथं, स्वतःकडे तारखेसह एक प्रत ठेवा. ईमेलने पाठवलीत तर ती आपोआप राहते.

पैसे आणि हक्क

प्रवेशशुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा फसवी नसते. परीक्षकांचं मानधन, सभागृहाचं भाडं, स्मृतिचिन्हं यांना पैसे लागतात. पण मागणी कुठल्या टप्प्यावर येते, ते बघा. कविता पाठवल्यावर लगेच ‘अभिनंदन! आपली कविता निवडली गेली आहे’ आणि पाठोपाठ ‘संग्रहात छापण्यासाठी इतके रुपये भरा, किमान इतक्या प्रती घ्या’ असं आलं, तर ती स्पर्धा कमी आणि पुस्तकविक्री जास्त. असा धंदा अमेरिकेत इतका वाढला होता की लोक मुद्दाम रद्दड कविता पाठवून बघू लागले, आणि त्याही ‘निवडल्या’ गेल्या. अशाच खोडसाळ कवितांसाठी घेतलेल्या ‘वर्गल फ्लॉम्प’ या टोपणनावाने आज तिथे विनोदी कवितांची एक स्पर्धा चालते, आणि तिला प्रवेशशुल्क नाही.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? मागच्या वर्षीचे विजेते आणि त्यांच्या कविता वाचायला मिळतात का? निकालाची तारीख दिली आहे का? तिन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसे वाचवा आणि कविता दुसरीकडे पाठवा.

हक्कांचंही तसंच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली त्या क्षणी ती कवीची होते. नोंदणी सक्तीची नाही. हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरता. म्हणून नियमांत ‘कवितेचे सर्व हक्क कायमस्वरूपी संस्थेकडे राहतील’ असं वाक्य दिसलं तर थांबा. ‘निवडलेली कविता एकदा छापण्याची परवानगी’ हे ठीक आहे. कायमचा हक्क कशाला हवा, असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. मुलांची कविता असेल तर हे काम पालकांचं. आणि मुलाचा फोटो, शाळेचं नाव, घरचा पत्ता गरजेपेक्षा जास्त देऊ नका.

निकालाच्या दिवशी

दोनशे कविता, तीन बक्षिसं. म्हणजे एकशे सत्त्याण्णव घरांत त्या दिवशी थोडी शांतता असणार. लहान मुलांना ही शांतता जास्त लागते. तेव्हा ‘परीक्षकांना काय कळतं’ असं म्हणणं सोपं असतं, पण त्याने मूल पुढच्या वेळी परीक्षकाला शिव्या द्यायला शिकतं, लिहायला नाही. त्यापेक्षा बक्षीस मिळालेली कविता घरात मोठ्याने वाचा. यातली कुठली ओळ आवडली, ते मुलाला विचारा. मग त्याची कविता वाचा, आणि तिच्यातली कुठली ओळ तुम्हाला आवडली, ते सांगा. ‘छान आहे’ एवढंच नको, ओळ दाखवा. मुलाला बक्षिसापेक्षा ते जास्त दिवस आठवतं.

मोठ्यांनाही एवढंच सांगते. परीक्षकाने नाकारली म्हणजे कविता वाईट असते असं नाही, आणि नाकारलेली प्रत्येक कविता थोरही नसते. पुन्हा वाचा. एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदला. नसेल वाटत, तर तशीच दुसरीकडे पाठवा.

आणि जवळपास कुठली स्पर्धाच नसेल, तर घरी भरवा. आमच्यासारख्या बदलीच्या गावात चार मराठी घरं जमली तरी पुरे. विषय एक शब्दाचा, मुदत पंधरा दिवसांची. नावं चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात बंद. कविता कोणीतरी एकाने वाचायच्या, म्हणजे कोणाची कुठली ते कळणार नाही. शेजारच्या तमिळ मावशींनाही बोलवा. त्यांना अर्थ कळला नाही तरी चाल कळते, आणि त्यांच्या नातवाला शाळेत पाठ केलेले दोन-चार कुरल म्हणायला सांगता येतात. शेवटी डबा उघडायचा. बक्षीस म्हणून एक कोरी वही.

त्या वहीचं पहिलं पान लवकर भरलं, तर स्पर्धा चांगली झाली असं समजा.